बी विंग ग्रुप : पाच हजार भरूनही नोटीस

पाटणकर काकू (३०१), सकाळी ८:१२
काल रात्री बंगळूरहून आलो. दार उघडतोय तर आत सरकवलेली नोटीस. वीज तोडणार म्हणे! थकबाकी ₹१,०००. जायच्या आधी मी ॲडव्हान्समध्ये ₹५,००० भरून गेले होते. शेळकेंना माहीत आहे, त्यांच्यासमोर पार्किंगमध्ये उभी राहून भरले. आता बोला.

शेळके सेक्रेटरी (१०४)
नमस्कार काकू, प्रवास नीट झाला ना? तुम्ही मोबाईलवर काहीतरी करत होतात एवढं आठवतंय.

पाटणकर काकू
काहीतरी नाही. लाईट बिलच.

कदम (५०४)
बिलांचा विषय निघालाच आहे तर कॉमन मीटरचं बिल नोटीस बोर्डावर लावा. तिसऱ्यांदा लिहितोय.

जगताप काका (२०१)
मलाही मेसेज आलाय. मागच्या महिन्याचं बिल अपडेट नाही म्हणून आज रात्री साडेनऊला वीज कापणार. अधिकाऱ्याचा मोबाईल नंबर दिलाय. दोनदा लावला, एंगेज लागतोय.

मनीषा (२०३)
काका फोन ठेवा!! तो फ्रॉड आहे. वीज कंपनीचा, म्हणजे महावितरणचा मेसेज साध्या दहा आकडी मोबाईलवरून येत नाही, वर एमएसईडीसीएल असं त्यांचं इंग्रजी नाव येतं. नंबर ब्लॉक करा आणि कोणी लिंक पाठवली तर उघडू नका.

जगताप काका
पण मी तर बिल भरलंय. सात दिवसांच्या आत. दर महिन्याला भरतो. एक टक्का सूट मिळते.

कुलकर्णी (२०२)
काका, दोन हजारांच्या बिलावर एक टक्का म्हणजे वीस रुपये. तेही कर वगळून. त्यासाठी तुम्ही साठ रुपये रिक्षाला घालवता 😄

जगताप काका
येताना भाजी आणतो.

बापट आजी (१०१)
शुभ सकाळ 🙏🌺 आजचा दिवस आनंदात जावो

पाटणकर काकू
मनीषा, मग माझी नोटीसपण खोटी का?

मनीषा
कागदावर आलीय ना? फोटो टाका. बिलाचापण टाका, दोन्ही बाजू.

देवधर काका (१०२)
जरा सविस्तर लिहितो. वीज कायदा २००३, कलम ५६. थकबाकीसाठी पुरवठा तोडायचा तर १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावीच लागते. म्हणजे कोणी उद्या शिडी घेऊन येत नाही. परंतु वहिनी, माझा सल्ला असा की आधी ते ₹१,००० भरून टाका. भांडण कधीही करता येतं. एकदा वायर काढली की परत जोडायचा आकार वेगळा पडतो.

पाटणकर काकू
दोनदा का भरू? पैसे काय झाडाला लागतात?

देवधर काका
मी फक्त सल्ला दिला. बँकेत ३४ वर्षं लोकांना हेच सांगत आलो, तिथेही कोणी ऐकलं नाही.

पाटणकर काकूंनी ३ फोटो पाठवले

मनीषा
बिल बघितलं. एप्रिल ₹४८०, मे ₹५१०, उशिराचा आकार ₹६. बेरीज ९९६. त्याचं ‘पूर्णांक देयक’ केलंय ₹१,०००. हिशेब बरोबर आहे. जमा मात्र कुठेच नाही. काकू, पाच हजारांची पावती आहे का? बँकेतून पैसे गेल्याचा मेसेज नको, बिल भरल्याची पावती. त्यावर बारा आकडी ग्राहक क्रमांक असतो.

पाटणकर काकू
ॲपमध्ये असेल. एरवी मिस्टरच चौकातल्या केंद्रात रोख भरतात. या वेळी घाई होती म्हणून मी भरले.

कदम
कॉमन मीटरचं बिल. चौथ्यांदा. त्यात लिफ्ट, पंप, जिना सगळं येतं आणि पैसे सगळ्यांचे जातात.

शेळके सेक्रेटरी
कदम साहेब, तुमचा मुद्दा नोंदवला आहे. कृपया चालू विषय संपू द्या.

कदम
टाकीच्या वेळीपण नोंदवलाच होता.

कुलकर्णी
टाकी नको आता 🙏

कुलकर्णी
देवधर काका, माझंपण विचारून घेतो. मला नेहमीच्या बिलाशिवाय ₹१,६४० चं वेगळं बिल आलंय. आणि काकूंसारखी माझी काही जमा असेल तर ते त्यातून वळतं होईल का?

देवधर काका
ते सुरक्षा ठेवीचं. २०२१ च्या विनियमांपासून ठेव दोन महिन्यांच्या सरासरी बिलाएवढी लागते. वर्ष संपलं की तुमचा वापर बघून फरक मागतात. त्याचे हप्तेही करून मिळतात. ठेवीवर व्याज येतं आणि ते बिलातून वजा होतं, तुम्ही बघत नसाल. ठेव वेगळी, जमा वेगळी. ठेव मीटर सोडेपर्यंत तिथेच राहते. जमा म्हणजे जास्तीचे भरलेले, ते पुढच्या बिलात आपोआप खर्ची पडतात. आपल्याकडे निम्म्या लोकांना हा फरक कळत नाही.

कुलकर्णी
निम्म्यात मी आलो. धन्यवाद.

देवधर काका
या निमित्ताने छतावरच्या सोलरचंही बघा. सोसायटीच्या सामाईक वापरासाठी केंद्राचं अनुदान किलोवॅटमागे ₹१८,००० आहे. जास्तीची युनिटं मीटरला जमा होतात, ३१ मार्चला हिशेब होतो. गच्ची नुसती तापतेय.

कदम
गच्चीखाली कोण राहतं? मी. आधी गळती थांबवा, मग वर पॅनेल ठेवा.

देवधर काका
गळती तुमच्या बाथरूमच्या वाढीव कामामुळे आहे, असं प्लंबर म्हणाला होता.

कदम
कोणता प्लंबर? तुमचाच ना?

शेळके सेक्रेटरी
दोघांनाही विनंती. रविवारच्या सभेत घेऊ.

मनीषा, दुपारी १२:४०
काकूंच्या घरी बसलेय. सापडलं. ॲपमध्ये दोन नंबर सेव्ह आहेत. एक ‘घर’ आणि एक ‘घर नवीन’. काकूंनी ‘घर’वर भरले.

कुलकर्णी
मग?

मनीषा
‘घर’ म्हणजे ४०१ 😐

जगताप काका
४०१ कसं?

मनीषा
पाटणकर २०१८ पर्यंत ४०१ मध्ये भाड्याने होते ना, ३०१ घ्यायच्या आधी. तेव्हाचा नंबर तसाच राहिला. बारापैकी शेवटचे तीनच आकडे वेगळे आहेत.

शेळके सेक्रेटरी
भरताना स्क्रीनवर मीटरमालकाचं नाव दिसतं ना पण?

पाटणकर काकू
चष्मा बॅगेत होता. बॅग गाडीत होती. गाडी सुरू होती. आता पुरे.

कुलकर्णी
एक मिनिट. म्हणजे दोन महिने ४०१ चा एसी काकूंच्या पैशावर चालला??

जगताप काका
आणि त्याच एसीचं पाणी काकूंच्या बाल्कनीत पडतं 😂😂

कुलकर्णी
मार्चमध्ये त्यावरच तर चाळीस मेसेज झाले होते 😂

बापट आजी
😂🙏🌺

पाटणकर काकू
हसण्यासारखं काही नाही यात. माझे पैसे कंपनीने परत द्यावेत.

देवधर काका
वहिनी, यात कंपनीचा दोष नाही. पैसे ज्या ग्राहक क्रमांकावर पडले त्याच्या खात्यात जमा झाले. कोणी भरले, का भरले, हे त्या खात्याला कळत नाही. मीटर माणूस ओळखत नाही, नंबर ओळखतो. आता उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्यावा लागेल. सोबत पावती, दोन्ही बिलं आणि ४०१ च्या मालकांचं संमतीपत्र असलेलं बरं. अर्जाचा मसुदा मी लिहायला घेतलाय.

मनीषा
काका थांबा. ४०१ चं ताजं बिल बघूया आधी. रोहन, आहेस का?

रोहन (४०१)
हो ताई, मीटिंगमध्ये होतो. आत्ता वाचलं सगळं. काकू, सॉरी. एप्रिलचं बिल मायनसमध्ये आलं होतं, भरायची रक्कम शून्य. आम्हाला वाटलं गोखले सरांनी भरलं.

गोखले (४०१ मालक)
मी का भरेन? करारात लाईट बिल भाडेकरूकडे आहे.

रोहन
तेच आम्हालापण नवल वाटलं सर.

कुलकर्णी
नवल वाटलं, पण विचारलं नाही 😄

रोहन
बिल टाकतोय. एप्रिल ₹२,३००, मे ₹२,१८०. आता जमा ₹५२० दिसतेय.

पाटणकर काकू
४,४८० ची वीज जाळलीत दोन महिन्यांत? तिघं जण?

रोहन
मेपासून दोघंच आहोत काकू. आणि उन्हाळा होता.

पाटणकर काकू
उन्हाळा आम्हालाही होतो. आम्ही पंख्यावर काढतो.

कुलकर्णी
तुम्ही या वर्षी बंगळूरला काढलात काकू.

गोखले (४०१ मालक)
एक गोष्ट स्पष्ट करतो. मीटर माझ्या नावावर आहे, त्यामुळे जमा रकमेवर तांत्रिकदृष्ट्या हक्क माझा आहे. तिचं काय करायचं हे मला विचारून ठरवावं. मेलबर्नला आत्ता संध्याकाळ झालीय, ऑफिस आवरून सविस्तर लिहितो.

देवधर काका
तांत्रिकदृष्ट्या दोन महिन्यांचा मेंटेनन्सही तुमच्याच नावावर थकलेला आहे. त्याचंही सविस्तर लिहावं.

गोखले (४०१ मालक)
तो विषय वेगळा आहे. मी शेळकेंना मेल केलाय.

शेळके सेक्रेटरी
मेल मिळाला. त्यात मेंटेनन्सचा उल्लेख नाही.

कदम
कॉमन मीटर. पाचव्यांदा.

मनीषा
अर्ज, संमतीपत्र काहीच नको. हस्तांतर करायला उरलेत ५२० रुपये. बाकीचे वापरून झाले, कंपनी ते कुठून देणार? रोहनने काकूंना सरळ ₹५,००० द्यावेत. ४,४८० वापरलेल्या विजेचे आणि ५२० मीटरला पडून आहेत ते जूनच्या बिलात त्यालाच मिळतील. काकूंनी स्वतःचे ₹१,००० ‘घर नवीन’वर भरावेत. चष्मा लावून. झालं.

देवधर काका
माझा मसुदा अडीच पानं झाला होता.

मनीषा
जपून ठेवा काका, आपल्या इथे लागेलच कधीतरी.

रोहन
ताई, ४,४८० लगेच पाठवतो. ५२० चं असं आहे की आम्ही ३० जूनला सोडतोय. जूनचं बिल आमच्यानंतर येईल. ते गोखले सर डिपॉझिटमधून कापणार, मग ५२० आम्ही दोनदा देणार का?

गोखले (४०१ मालक)
जे बिल येईल ते कापणार. बिलात जमा वजा होऊनच येईल. त्यात दोनदा कुठे आलं?

रोहन
हे लिहून द्याल का सर?

गोखले (४०१ मालक)
हे लिहिलंच आहे की.

कुलकर्णी
रोहन, स्क्रीनशॉट काढून ठेव रे.

देवधर काका
सोडायच्या दिवशी मीटरचा फोटो काढा. तारखेसकट. गोखल्यांना पाठवा आणि स्वतःकडेही ठेवा. अर्धी भांडणं त्या एका फोटोअभावी होतात.

पाटणकर काकू
तुम्ही सोडताय? हे कधी ठरलं? सांगितलं नाही कुणी.

रोहन
काकू, मार्चमध्ये ठरलं. बाल्कनीच्या चर्चेनंतर.

बराच वेळ कोणाचा मेसेज नाही.

जगताप काका, दुपारी ३:०५
तो साडेनऊवाला परत फोन करतोय. मी त्याला म्हटलं, तूच ये, चहा पाजतो. शिव्या दिल्या त्याने.

मनीषा
काका!! उचलता कशाला?

जगताप काका
दुपारी झोप येत नाही.

रोहन, संध्याकाळी ६:२०
काकू, ५,००० पाठवलेत. बघून सांगा.

पाटणकर काकू
आले. पाटणकरांच्या नावावर आले ना, हे आधी बघितलं. चष्मा लावून.

पाटणकर काकू
आणि रोहन, कुर्गहून फिल्टर कॉफी आणली आहे. घेऊन जा. त्या एसीच्या पाईपखाली तेवढी बादली ठेवा जायच्या आधी.

रोहन
हो काकू 🙏

शेळके सेक्रेटरी, रात्री ८:५०
सर्व सभासदांना सूचना. कॉमन मीटरचं मे महिन्याचं बिल नोटीस बोर्डावर लावलं आहे. फोटोही इथे टाकत आहे. थकबाकी शून्य, जमा शून्य. पाच तारखेलाच भरलेलं आहे.

कुलकर्णी
घ्या कदम साहेब 👏

जगताप काका
साडेनऊ वाजायला आले. माझ्याकडे लाईट आहेत.

कदम
बिल बघितलं. आभारी आहे. आता एप्रिलचंपण लावा. पहिल्यांदा लिहितोय.