विषय: वाचनकट्टा – दलीपसिंग सौंद

नमस्कार मंडळी,
पुढच्या कट्ट्याला दलीपसिंग सौंद यांच्यावर बोलायचं मनात आहे. १९५६ साली कॅलिफोर्नियातून अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात निवडून आलेले पहिले भारतीय. कुणाची हरकत?
– संयोजक, वाचनकट्टा

हरकत नाही गं, धास्ती आहे. ‘पहिला भारतीय’ म्हटलं की जिद्द, कष्ट, यश आणि टाळ्या. तोवर बटाटेवडे गार. तू नवीन काय सांगणार?
– काका

काका, जिद्द बाजूला ठेवते. तारखा सांगते.

सौंद १९२० मध्ये बर्कलीला शिकायला आले. १९२४ ला गणितात डॉक्टरेट मिळवली आणि मग इम्पिरियल व्हॅलीत शेती करू लागले. मध्येच १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या नागरिकत्वाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की भारतीय ‘गोरे’ नाहीत, सबब नागरिकत्वाला अपात्र. अशांना कॅलिफोर्नियात शेतजमीनही स्वतःच्या नावावर घेता येत नसे. १९४६ च्या ल्यूस-सेलर कायद्याने वाट मोकळी झाली आणि डिसेंबर १९४९ मध्ये ते नागरिक झाले.

१९५० ला वेस्टमोरलँड गावात न्यायाधीशपदाची निवडणूक जिंकले, पण नागरिकत्वाला वर्ष भरलं नव्हतं, म्हणून पद नाकारलं! १९५२ ला पुन्हा उभे राहून तीच खुर्ची मिळवली. सोबत खताचा धंदा चालूच.

प्रतिनिधिगृहासाठी सात वर्षांचं नागरिकत्व लागतं. पक्षातल्याच एका प्रतिस्पर्ध्याने हा मुद्दा कोर्टात नेला, टिकला नाही. डिसेंबर १९५६ ला सात वर्षं भरली, ३ जानेवारी १९५७ ला शपथ. आणि हरवलं कुणाला? जॅकलिन कॉक्रनला! ध्वनीचा वेग ओलांडणारी पहिली वैमानिक, त्यात नवरा गडगंज.
– संयोजक

थिंडचा विषय निघालाच आहे तर सखाराम गणेश पंडितांना विसरू नका. लॉस एंजेलिसचे हे वकील थिंडच्या बाजूने लढले. निकालानंतर सरकार आधी दिलेली नागरिकत्वंही काढून घेऊ लागलं, त्यात १९१४ ला नागरिक झालेले पंडितही होते. स्वतःचा खटला मात्र त्यांनी जिंकला. १९२७ ला सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं म्हणणं ऐकायलाच नकार दिला, आणि बाकीच्यांमागचा ससेमिराही थांबला.
– एक जुनी सभासद

मंडळाच्या घटनेतल्या ‘किमान दोन वर्षं सभासद’ या कलमावरून झालेली भांडणं आठवली! तारखांचं पटलं. फक्त १९६२ गाळू नकोस. मे महिन्यात पक्षाघात झाला, प्रचाराला बाहेर पडता आलं नाही, नोव्हेंबरमध्ये पराभव. गौरवाच्या भाषणात हे कुणी सांगत नाही. पुढचे भारतीय वंशाचे प्रतिनिधी, बॉबी जिंदाल, तिथे पोचले ते २००५ मध्ये. त्यांचं राजकारण मला पटत नाही, पण मधला काळ मोजून बघ.

पंडितांवर दहा मिनिटं मी बोलतो. प्रोजेक्टर सध्या कुणाकडे आहे?
– काका