पासवर्ड लावलात, पण नावांचं काय?
फाइली दाबून एकत्र बांधायला कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं, या चर्चेत ‘सेव्हन-झिप फुकट आहे आणि फाइल बरीच लहान करतं म्हणून तेच घ्या’ हे वरचं मत मान्य. पण आकारावर एवढा खल कशाला? घरी जागा खातात ते फोटो नि व्हिडिओ. जेपेग, एमपीफोर मुळातच दाबलेले असतात, त्यात फरक नावापुरताच पडतो.

पासवर्डचा मुद्दा मात्र कुणी काढला नाही. झिप या नेहमीच्या फॉरमॅटमधल्या फाइलीला पासवर्ड लावला तरी आतल्या फाइलींची नावं उघडीच राहतात. डबल-क्लिक केलं की ‘पगारपत्रक’, ‘रक्त तपासणी’ अशी यादी समोर; पासवर्ड मागितला जातो तो थेट फाइल उघडताना! सेव्हन-झिपचा स्वतःचा सेव्हन-झेड फॉरमॅट निवडून नावं एन्क्रिप्ट (कुलूपबंद) करायच्या चौकटीत टिक केली, तर यादीही पासवर्डशिवाय दिसत नाही. ती टिक आधीपासून नसते, आठवणीने करावी लागते. झिपच हवी असेल तर निदान झिपक्रिप्टो या जुन्या, कमकुवत एन्क्रिप्शनऐवजी एईएस-२५६ हे मजबूत एन्क्रिप्शन निवडा.