सिंडी लॉपर ऐकायची तर सुरुवात संग्रहापासून की मूळ अल्बमपासून?

कॅसेटप्रेमी
काल भाचीने अमेरिकन पॉप गायिका सिंडी लॉपरबद्दल विचारलं, "मामा, सिंडी लॉपर कुठून सुरू करू?" मी 'ट्वेल्व्ह डेडली सिन्स... अँड देन सम' सांगून मोकळा झालो. १९९४चा संग्रह, १४ गाणी. इथल्या काहींना हे पटणार नाही हे माहीत आहे, म्हणूनच धागा काढतोय.

संग्रह म्हणजे कंपनीने हिट गाण्यांची बांधलेली मोळी, असं आपण म्हणतो. पण याचं पहिलंच गाणं बघा: 'आय ॲम गॉना बी स्ट्राँग'. १९८० साली ब्लू एंजल या बँडमध्ये असताना तिने हे गायलं होतं. तो बँड चालला नाही. तेच गाणं इथे तिने नव्याने गाऊन सगळ्यात आधी ठेवलंय. आणि 'सॅलीज पिजन्स'? लहानपणीची मैत्रीण, चोरून केलेला गर्भपात, त्यात गेलेला जीव. ज्या अल्बममध्ये ते होतं तो १९९३चा 'हॅट फुल ऑफ स्टार्स' फारसा खपलाच नाही. मला हे गाणं या संग्रहामुळेच भेटलं.

बी_साइड
भाचीवर अन्याय करताय. १९८३चा 'शीज सो अनयुज्वल' सरळ हातात द्या. त्यातली चार गाणी अमेरिकेत पहिल्या पाचात गेली, ती चारही तुमच्या संग्रहात आहेत, मान्य. पण अमेरिकन गायक प्रिन्सचं, तिने त्या अल्बमवर गायलेलं 'व्हेन यू वेअर माइन' संग्रहात कुठाय? त्यातला तो कीबोर्ड आणि तिचा मधेच चिरकणारा आवाज, न्यू वेव्ह (पंकनंतर आलेली पॉप-रॉकची शैली) म्हणजे काय ते तिथे कळतं. संग्रहात नुसती शिखरं मिळतात, चढण नाही. शिवाय 'गर्ल्स जस्ट वाँट टू हॅव फन' एकाच तबकडीवर दोनदा, एकदा मूळ आणि एकदा 'हे नाऊ' या नावाने! जागा भरायला दुसरं काही मिळालं नाही?

झांजीबार
थांबा, 'हे नाऊ'ला जागा भरणं म्हणू नका. मूळ गाणं रॉबर्ट हॅझर्ड या पुरुषाने पुरुषाच्या नजरेतून लिहिलेलं. सिंडीने शब्द फिरवून ते मुलींचं केलं. दहा वर्षांनी रेगेचा (जमैकन संगीताचा) ताल देऊन, रेडबोन या बँडच्या जुन्या गाण्याचा तुकडा जोडून पुन्हा फिरवलं, आणि व्हिडिओत ड्रॅग क्वीन्स (बायकांच्या भडक वेशातले कलाकार) नाचवल्या. ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं ते. आपल्याच गाण्याला इतकं सैल हाताने वागवणारे किती जण आहेत?

बी_साइड
सैल हाताने वागवलं हेच तर दुखणं. मूळ गाण्यात एक घाई आहे, दार उघडून पळत सुटल्यासारखी. रेगेत ती आरामखुर्चीत बसते. व्हिडिओ झकास, गाणं मिळमिळीत.

कॅसेटप्रेमी
मिळमिळीत?! असो. पण मला सांगा, पहिल्या अल्बमवर थांबलेल्या माणसाला 'ट्रू कलर्स' आणि 'आय ड्रोव्ह ऑल नाइट' कधी भेटणार? एक १९८६चं, दुसरं १९८९चं. लोक तिला लाल-पिवळ्या केसांची गंमत समजून सोडून देतात ते यामुळेच.

नुसता_वाचक
दोघांचं वाचतोय. एक शंका: 'द गूनीज' या सिनेमातलं तिचं गाणं संग्रहात का नाही? लहानपणी तेवढंच माहीत होतं मला.

बी_साइड
बघा! म्हणजे संग्रह म्हणूनही पुरा नाही.

झांजीबार
ते नाही तेच बरं. (मारू नका.)

'हॅट फुल'बद्दल मात्र मामांशी सहमत. आणि बी_साइड, तुमच्या लाडक्या अल्बमवर 'मनी चेंजेस एव्हरीथिंग' टॉम ग्रेचं, 'ऑल थ्रू द नाइट' ज्यूल्स शिअरचं. म्हणजे तोही अर्धामुर्धा उसनाच. तिची कमाल उसन्या गाण्याला स्वतःचं करण्यात होती, आणि ती संग्रहात जास्त ठळक दिसते.

बी_साइड
हा मुद्दा चांगला काढलात. तरी माझं मत तेच. मामा, निदान 'टाइम आफ्टर टाइम' ऐकवून झालं की लगेच जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने १९८५ साली वाजवलेलं ऐकवा. त्यावर तरी वाद नको.

कॅसेटप्रेमी
वाद आहे. शब्दांशिवाय ते गाणं मला अर्धंच वाटतं. नवा धागा काढू का?