टाइमझोन साठवताना मिनिटांचा फरक पुरेसा नाही

वेबसाइटने वापरकर्त्याचा टाइमझोन कसा ओळखून साठवावा, या प्रश्नावर एका सदस्यांनी सुचवले आहे की तो आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) ओळखावा आणि जावास्क्रिप्टमधील 'गेटटाइमझोनऑफसेट' या फंक्शनने मिळणारा, जागतिक प्रमाणवेळ (यूटीसी) व स्थानिक वेळ यांतील मिनिटांचा फरक वापरकर्त्याच्या खात्यात साठवावा. व्हीपीएन (इंटरनेटवर आपले खरे ठिकाण लपवणारी सेवा) असेल तर आयपीचा अंदाज चुकतो, एवढेच त्याबद्दल पुरे. मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्या सूचनेची.

भारतात हे फंक्शन वर्षभर उणे ३३० हाच आकडा देते, त्यामुळे सांगलीत बसून चाचणी करणाऱ्याला त्यातला धोका दिसतच नाही. मात्र इथल्या बेदाण्याच्या सौद्याची वेळ लंडनमधील खरेदीदाराला दाखवायची असेल, तर तिथे उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे असल्याने जानेवारीत मिळालेले शून्य जुलैत उणे ६० झालेले असते. परिणामी खात्यात शून्यच साठवलेले असेल, तर जुलैत आपल्याकडे दुपारी ३ वाजता होणारा सौदा त्याला सकाळी १०.३० ऐवजी ९.३० चा दिसतो. व्यवहाराच्या ठिकाणी ही चूक मुळीच क्षम्य नाही.

म्हणून खात्यात 'युरोप/लंडन' यासारखे झोनचे नावच साठवावे, म्हणजे त्या त्या तारखेचा फरक त्यावरून काढता येतो. ते ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टच्या 'इंटल.डेटटाइमफॉरमॅट().रिझॉल्व्हडऑप्शन्स().टाइमझोन' यातून मिळते. काही ब्राउझर 'एशिया/कोलकाता'ऐवजी 'एशिया/कॅलकटा' हे जुने नाव देतात, तेव्हा सर्व्हरवर दोन्ही नावे एकच मानावीत. ब्राउझर केवळ उपकरणातील सेटिंग सांगतो, माणूस कुठे आहे हे नव्हे. त्यामुळे मिळालेला झोन आधी निवडून ठेवावा, पण तो बदलण्याची सोय प्रोफाइलमध्ये अवश्य द्यावी.