चॅनेलमध्ये एकेक रेणू वेगळा दिसत नाही, पार्श्वभूमीच जास्त येते

सूक्ष्मधारा (प्रश्न)
वाहत्या द्रवातले डीएनएचे रेणू एकेक करून मोजायचे आहेत. पीडीएमएसचं (मऊ सिलिकॉन रबर) चॅनेल आहे: १० मायक्रोमीटर रुंद, ५ खोल, १ सेंटीमीटर लांब, खाली १.५ नंबरची कव्हरस्लिप. ॲटो ६४७एन (लाल चमकणारा डाय) लावलेला डीएनए, संहती १०० पिकोमोलर. ६४० नॅनोमीटरचा लेझर, नमुन्यावर ८० मायक्रोवॅट, ६०एक्स १.२ एनए वॉटर लेन्स, १०० मायक्रोमीटर पिनहोल (फोकसबाहेरचा प्रकाश अडवणारं छिद्र), ६७०–७२० चा फिल्टर. सिरिंज पंप तासाला १ मायक्रोलिटर, बिन (एकेका मोजणीचा कालखंड) १ मिलिसेकंद. पार्श्वभूमी सेकंदाला १५,००० काउंट (मोजलेले फोटॉन), तासाभरात ती आणखी चढते. बर्स्ट (एकेक रेणू फोकसमधून जातानाची चमक) त्यातून वर येतच नाहीत. लेझर वाढवला की दोन्ही सोबतच वाढतात. नेमकं काय तपासू?

फोटॉनमोजणी
लेझरला हात लावू नका, आधी वेगाचा हिशोब करा. तासाला १ मायक्रोलिटर म्हणजे तुमच्या चॅनेलमध्ये सरासरी सेकंदाला साडेपाच मिलिमीटर, आणि मध्यभागी त्याच्या जवळपास दुप्पट. फोकस अर्धा मायक्रोमीटर रुंद धरला तर रेणू ४५ मायक्रोसेकंदात पार होतो. त्याची चमक सेकंदाला १ लाख काउंट धरली तरी हाती फोटॉन येतात चार-पाच. तुमच्या एका बिनमध्ये पार्श्वभूमीचेच १५ असतात आणि ते आपसूक चारने वर-खाली होतात. रेणू तिथे आहे, पण बिनमध्ये बुडतोय.

मध्यभागी सेकंदाला १ मिलिमीटर वेग ठेवा. मग पार व्हायला अर्धा मिलिसेकंद लागतो, ५० फोटॉन मिळतात, आणि बिनही तेवढाच ठेवलात तर पार्श्वभूमी सात-आठ. १०० पिकोमोलरला सेकंदाला साधारण ६० बर्स्ट यायला हवेत. याहून फार हळू नको, डाय फोकसमध्येच विझायला लागतो.

हा वेग सिरिंज पंपाने मिळणार नाही. एवढ्या कमी दराला स्टेपर मोटरचे धक्के प्रवाहात उतरतात. दाबावर चालवा: साधारण ३५ मिलिबार, म्हणजे आत येणारी बाटली ३५ सेंटीमीटर वर. बाहेरची नळी भरलेल्या वाटीत बुडवा, टोकाला थेंब लोंबकळला की दाब बदलत राहतो. पिनहोल ५० करा. तुमच्या लेन्सचा ठिपका ४० च्या आसपास पडतो, बाकी उघडी जागा नुसती पार्श्वभूमी आत घेते.

काचभिंत
पार्श्वभूमी चढत जाते, हे डाय भिंतीला चिकटत असल्याचं लक्षण. ॲटो ६४७एन धनभारित आणि चिकट आहे. प्रवाह थांबवून नुसतं बफर भरा आणि फोकस काचेपासून पीडीएमएसपर्यंत हळूहळू वर न्या. दोन्ही भिंतींपाशी काउंट उसळले आणि तिथेच लेझर ठेवल्यावर काही सेकंदांत पडले, तर तो चिकटलेला डायच. काचेची स्वतःची चमक इतक्या लवकर पडत नाही. मोजणी भिंतींच्या बरोबर मध्ये, काचेपासून अडीच मायक्रोमीटरवर करा.

भिंतींवर प्लाझ्मा करून लगेच पीईजी-सिलेनचा (रेणू चिकटू न देणारा) थर द्या, बफरमध्ये ०.०५ टक्के ट्वीन २० (सौम्य डिटर्जंट) घाला. पीएलएल-पीईजी (पॉलिलायसिनवर बसवलेलं पीईजी) डीएनएसोबत जपून. थर अपुरा राहिला तर खालचं धन लायसिन डीएनएला धरतं. डाय बदलता आला तर ॲटो ६४३ कमी चिकटतो. १०० पिकोमोलर द्रावण लो-बाइंड ट्यूबमध्येच बनवा आणि ताजं वापरा, नाहीतर निम्मा माल ट्यूबच्या भिंतीवरच राहतो.

पाण्याचा रामन (पाण्याने लांब तरंगलांबीला विखुरलेला लेझरप्रकाश) इथे दोषी नाही: ६४० वर तो ८१८ नॅनोमीटरला येतो, फिल्टरच्या पार बाहेर. ५३२ चा लेझर असता तर ६५० ला, नारिंगी-लाल डायच्या अगदी कुशीत आला असता.

सूक्ष्मधारा
खूप आभार. माझ्या चॅनेलच्या छेदातून फोकस फार थोडा भाग बघतो, बरोबर ना? मग ५०० नॅनोमीटरचं चॅनेल घेतलं तर?

फोटॉनमोजणी
हो, आत्ता छेदाचा जेमतेम ५० वा भाग दिसतोय. ५०० बाय ५०० मध्ये जवळजवळ प्रत्येक रेणू फोकसमधून जातो आणि पाणीही कमी उजळतं. कॉर्नेलमध्ये २००२ साली फ्यूज्ड सिलिकाच्या अशाच चॅनेलमध्ये डीएनएचे तुकडे मोजले गेले. पीडीएमएस नको, एवढ्या बारीक चॅनेलचं छत खाली बसतं. दाबानेही भागत नाही: खोली दहापट कमी म्हणजे त्याच वेगाला किमान शंभरपट दाब. म्हणून विद्युतक्षेत्राने ओढा. पण पीईजीचा थर दिलात की विद्युत्-परासरण (क्षेत्रामुळे भिंतीलगत होणारा द्रवाचा प्रवाह) दबतं आणि डीएनए धन टोकाकडे निघतो, तेव्हा नमुना ऋण टोकाच्या बाजूला भरा. बफर आधी ०.०२ मायक्रोमीटर फिल्टरमधून काढा. एक कण अडकला तर चिप गेली.