कॅम्परच्या मागच्या बॅटऱ्या बदलायच्यात: पुन्हा एजीएम, ट्युब्युलर की लिथियम?

रानफेरी
फोर्स ट्रॅव्हलरवर बांधलेली व्हॅन, बीएस-6. मागे 100 एएचच्या (अँपिअर-तास) दोन एजीएम (सीलबंद शिशाच्या बॅटऱ्या) पॅरललमध्ये, वय अडीच वर्षं. छतावर 300 वॉट सोलर, 30 अँपिअरचा एमपीपीटी (सोलरचा चार्ज कंट्रोलर). इंजिनकडून व्हीएसआरमधून (व्होल्टेज बघून पुढची-मागची बॅटरी जोडणारा-तोडणारा रिले) चार्जिंग. रात्री 12 व्होल्टचा फ्रीज, एक बीएलडीसी पंखा आणि दोन दिवे, एवढंच चालतं. तरी पहाटे 11.4 व्होल्ट दिसतात आणि फ्रीज बंद पडतो. एक दुकानदार म्हणतो घरच्या इन्व्हर्टरची 150ची ट्युब्युलर टाका, दुसरा म्हणतो लिथियम. जूनअखेर लेहला जायचंय. जास्त टिकेल असं काय घ्यावं? वायरिंग आहे तेच चालेल का?

धन_ऋण
आधी जुन्या का गेल्या ते बघा, नाहीतर नव्याही त्याच वाटेनं जातील. फ्रीज 45 वॉटचा, रात्रीच्या दहा तासांत निम्मा वेळ चालू धरला तर 225 वॉट-तास. पंखा 25 वॉट, आठ तास: 200. दिव्यांसकट साडेचारशे, म्हणजे 37 एएचच्या आसपास. 200च्या जोडीला हे किरकोळ आहे. एवढ्यात 11.4 येत असेल तर क्षमता पाचव्या हिश्श्यावर आलीय.

कारण बहुतेक सल्फेशन. शिशाच्या बॅटरीत शेवटचे 15-20 टक्के भरायला 14.4 व्होल्टला तासन्‌तास धरून ठेवावं लागतं. तुमच्या व्हॅनमध्ये ते होतच नसणार. बीएस-6च्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर (इंजिनवर फिरणारं जनित्र) मध्येच व्होल्टेज उतरवतो आणि सोलरचं दिवसा फ्रीजच खातो. बॅटरी कायम अर्धपोटी राहते आणि प्लेटवर सल्फेट घट्ट बसतं.

ट्युब्युलर विसरा. आत पातळ आम्ल, घाटात हिंदकळणार; चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि वजन पन्नास किलोच्या पुढे. जिन्याखाली ठीक आहे, झोपायच्या फळीखाली नाही.

200 एएचची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) घ्या. वजन 25 किलोच्या आसपास, त्यातले 160 एएच बिनधास्त वापरता येतात आणि अर्धवट भरलेली राहिली तरी तिचं काही बिघडत नाही. 80 टक्के वापरावर 2000 सायकल (एकदा वापरून पुन्हा भरणं म्हणजे एक) तरी धरायला हरकत नाही.

सह्यचाक
सरसकट लिथियम कशाला? व्हॅन महिन्यातून दोनच दिवस निघत असेल तर वर्षाला पन्नास सायकलही होत नाहीत. मग एजीएमच घ्या आणि घरी उभी असताना तीन टप्प्यांच्या चार्जरवर ठेवा. पैसा वाचेल. मात्र एक जुनी, एक नवी अशी जोडी लावू नका. जुनी नवीला ओढत राहते. लिथियमच घ्यायची तर ड्रॉप-इन मिळते, जुनी काढा, नवी ठेवा.

कॉपर_लग
बाकी पटलं, पण ते ‘ड्रॉप-इन’ लेबलवरच शोभतं. व्हीएसआर साधारण 13.3 व्होल्टला जोडतो आणि 12.8ला तोडतो. एलएफपी नुसती पडून असतानाच 13.2-13.3 दाखवते. इंजिन बंद केल्यावरही रिले सुटत नाही आणि स्टार्टरची बॅटरी मागच्या फ्रीजला जुंपलेली राहते. शिवाय एलएफपी मागेल तेवढा करंट घेते. आयडलवर अल्टरनेटरचा स्वतःचा पंखा हळू फिरत असताना तो तापून जळू शकतो. त्यात बीएमएसनं (बॅटरीतलं संरक्षक सर्किट) अचानक तोडलं तर व्होल्टेजचा जो झटका बसतो त्यात अल्टरनेटरचे डायोड जातात.

तेव्हा व्हीएसआर काढून डीसी-डीसी चार्जर (अल्टरनेटरचं व्होल्टेज बदलून, ठरावीक करंटनं मागची बॅटरी भरणारा) लावा, इग्निशनची सिग्नल वायर असलेला.

एमपीपीटीत चार्जिंग व्होल्टेज 14.2 ते 14.4, फ्लोट (भरल्यानंतर धरायचं व्होल्टेज) 13.5, इक्वलायझेशन (शिशाच्या बॅटरीला मुद्दाम जास्त व्होल्टेज देणं) बंद, तापमान भरपाई बंद. शेवटची दोन हमखास राहून जातात.

लेहसाठी: शून्याखाली एलएफपी चार्ज केली तर सेलमध्ये लिथियमचा थर धरतो आणि क्षमता कायमची जाते. वापरायला हरकत नसते, चार्जिंगलाच असते. बीएमएसमध्ये लो-टेम्परेचर चार्ज कट-ऑफ आहे हे लेखी घ्या. बॅटरी खालच्या पेटीत नको, केबिनमध्ये ठेवा.

रानफेरी
व्हॅन महिन्यातले दहा-बारा दिवस बाहेर असते, म्हणजे एलएफपीच. पुढून मागे 10 स्क्वेअर एमएमची वायर आहे, सहा मीटर. 30 अँपिअरचा डीसी-डीसी चालेल?

कॉपर_लग
जाऊन-येऊन बारा मीटर. 10 स्क्वेअरला मीटरमागे 1.83 मिलिओहम, म्हणजे 30 अँपिअरला 0.66 व्होल्टची घट. चार्जर व्होल्टेज चढवून घेतो, त्यामुळे चालेल. पण तेवढ्यासाठी तो पुढून जास्त करंट ओढतो. 16 स्क्वेअर टाकली तर घट 0.41. दोन्ही टोकांना, बॅटरीपासून वीतभर अंतरात, फ्यूज हवाच. मागच्या बाजूला क्लास-टी (प्रचंड शॉर्ट-सर्किट करंट तोडू शकणारा फ्यूज) लावा. एलएफपीचा शॉर्ट-सर्किट करंट साध्या ब्लेड फ्यूजला आवरत नाही. लग (वायरच्या टोकाला बसवायची तांब्याची टोपी) हायड्रॉलिक क्रिम्परनं दाबून घ्या. हातोडीनं चेपलेला लग दिसायला घट्ट असतो, पण आतल्या तारा सुट्या राहतात. तासभर लोड चालवून त्याला बोट लावा; चटका बसला तर कापून नवा बसवा.

धन_ऋण
आणि व्होल्टमीटरवर विसंबू नका. एलएफपी 80 टक्क्यांना नि 40 टक्क्यांना जवळपास तेवढंच दाखवते. निगेटिव्हवर शंट (आत-बाहेर जाणारा करंट मोजायची पट्टी) लावा, 500 अँपिअर/50 मिलिव्होल्टचा.

बॅटरी घेताना दुकानातच चाचणी मागा: पूर्ण चार्ज, मग 40 अँपिअरचं लोड. 200 एएच खरी असेल तर पाच तास चालते. साडेतीन तासांत बीएमएसनं तोडलं तर आतले सेल कमी क्षमतेचे आहेत, तिथंच परत करा. पावसाळ्यात व्हॅन उभी राहणार असेल तर 50-60 टक्क्यांवर ठेवून मेन स्विच बंद करा. इन्व्हर्टर नुसता ऑन राहिला तरी 10-15 वॉट खातो. आठवडाभरात बॅटरी तळाला.