पाच डॉलरमागचं खरं कारण
'कामगारांनीच गाडी विकत घ्यावी म्हणून अमेरिकन मोटार कारखानदार हेन्री फोर्डने त्यांना रोजचे पाच डॉलर पगार दिला' असं म्हटलं जातं, ते फार तर अर्धंच खरं. १९१३ साली फोर्डच्या हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकती जोडणी आली (गाडी पुढे सरकत जाते, प्रत्येक कामगार जागेवरून एकच काम करतो) आणि गाडीचा सांगाडा जोडायचा वेळ साडेबारा तासांवरून दीड तासावर आला. पण दिवसभर तोच एक बोल्ट आवळून माणसं विटली, धडाधड काम सोडू लागली. १९१४ ची पगारवाढ मुख्यतः त्यांना धरून ठेवायला होती. वर कंपनीची माणसं घरी येऊन बघणार, दारू पितो का, घर नीट ठेवतो का!

साहित्यातल्या गाड्यांबद्दल बोलायचं तर अमेरिकन लेखक जॉन स्टाइनबेकची 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' (१९३९) ही कादंबरी हवीच. त्यातले जुन्या गाड्यांचे विक्रेते खडखडाट दबावा म्हणून गिअरमध्ये चक्क लाकडाचा भुसा भरतात.